जाँत्यूचं कँटन कुठे गेलं?

मी फ्रेंच शिकवते, आणि अधूनमधून जुन्या फ्रेंच कागदांचं भाषांतरही करून देते. जन्माचा किंवा लग्नाचा जुना दाखला हातात आला की मजकुराच्या आधी, वरच्या कोपऱ्यात, एकाखाली एक चार नावं दिसतात. उदाहरणार्थ: देपार्तमाँ क्रोझ, आरोंदिसमाँ ओब्यूसाँ, कँटन जाँत्यू, कम्यून ला व्हिलद्यू. वर्गात असा कागद दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, यातलं गाव कोणतं आणि तालुका कोणता?" गाव दाखवणं सोपं आहे. तिसऱ्या ओळीपाशी मात्र मला थांबून सगळं नीट सांगावं लागतं. कारण जाँत्यूचं कँटन आज नकाशावर नाही. मार्च 2015 मध्ये ते रद्द झालं. त्याच्यातली सात गावं जिथल्या तिथे आहेत, त्यांचे मेअर आहेत, त्यांच्या कचेऱ्या उघडतात. त्यांना एकत्र बांधणारी दोरी तेवढी काढून घेतली गेली.

ही दोरी नक्की काय होती, कुणी बांधली आणि का सोडली, हे समजलं की फ्रान्सचा ग्रामीण कारभार बराचसा उलगडतो. म्हणून हा लेख.

आधी ती चार नावं उलगडून घेऊ. देपार्तमाँ म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि पुढे मी जिल्हाच म्हणणार आहे. तिथे सरकारने नेमलेला प्रेफे असतो, आपल्या कलेक्टरसारखा. शिवाय लोकांनी निवडलेलं मंडळ असतं, जिल्हा परिषदेच्या जवळ जाणारं. आरोंदिसमाँ म्हणजे जिल्ह्याचा उपविभाग. तिथे सू-प्रेफे बसतो, आपल्या प्रांताधिकाऱ्यासारखा. सगळ्यात खाली कम्यून. पॅरिसही एक कम्यून आणि पन्नास माणसांचं डोंगरातलं गावही एक कम्यून; कायद्याच्या लेखी दर्जा तोच. (हा शब्द भारतातही टिकून आहे. पुदुच्चेरीत आजही 'कम्यून पंचायत' आहेत, फ्रेंच अमलाची खूण म्हणून.)

उरलं कँटन. फ्रेंच उच्चार 'काँतों', पण स्वित्झर्लंडमुळे आपल्याला कँटन हा शब्द ओळखीचा आहे, तोच ठेवते. स्वित्झर्लंडमधलं कँटन मात्र डोक्यातून काढून टाका. ते जवळजवळ राज्य असतं. फ्रान्सचं कँटन म्हणजे पाच-दहा, कुठे वीस गावांचा गट. याला तालुका म्हणायचा मोह होतो आणि तिथेच घोटाळा होतो. तालुक्याला तहसीलदार असतो, कचेरी असते, सातबारा असतो. कँटनला स्वतःचा अधिकारी नव्हता, तिजोरी नव्हती, कर लावायचा हक्क नव्हता. कँटनच्या नावे जमीन घेता येत नसे की कोर्टात दावा लावता येत नसे. कँटन म्हणजे आखून ठेवलेली एक हद्द. न्यायखातं, लष्कर, पोलीस, करवसुली, निवडणूक अशी वेगवेगळी खाती आपापल्या कामासाठी ती हद्द वापरायची. इतका पातळ पदार्थ दोनशे पंचवीस वर्षं टिकला, याचं मला अजूनही नवल वाटतं.

सात गावं

क्रोझ हा फ्रान्सच्या साधारण मधोमध असलेला जिल्हा. डोंगराळ, कमी वस्तीचा, ग्रॅनाइटचा. त्याच्या दक्षिण टोकाला मिलव्हाशचं पठार आहे. फ्रेंचमध्ये 'मिल व्हाश' म्हणजे शब्दशः हजार गाई, त्यामुळे प्रवाशांचा गोंधळ होतो. नावाच्या उगमाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तिथले लोक मात्र पाण्याचे हजार झरे दाखवतात, आणि खरोखर तिथे पावलोपावली पाणी फुटतं. उंची सात-आठशे मीटर, हिवाळा लांब, जमीन आम्ल आणि हलकी. एके काळी मैलोगणती माळरान, त्यावर खुरटी हेदरची झुडपं आणि मेंढ्या. विसाव्या शतकात त्यातल्या बऱ्याच भागावर स्प्रूस आणि डग्लस फरची लागवड झाली, आणि उघडा माळ काळोख्या जंगलाने भरला.

या पठारावरची सात गावं मिळून जाँत्यूचं कँटन होतं: जाँत्यू-पिजरोल, फो-ला-मोंतान्य, फेनिए, जिऊ, ला नुआय, सँ-मार्क-आ-लुबो आणि ला व्हिलद्यू. 'गाव' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे दाट वसलेलं गाव येतं तसं इथे नाही. कम्यून म्हणजे चर्च, शाळा आणि कचेरीभोवतीची वीस-तीस घरं, आणि मग दूर दूर विखुरलेल्या वाड्या. कोकणातल्या माणसाला ही रचना लगेच कळेल. जाँत्यू-पिजरोल या जोडनावातच इतिहास आहे: पिजरोल ही आधी वेगळी कम्यून होती, ती जाँत्यूत मिळाली. जाँत्यूच्या हद्दीत तोरियों नदीवर सेनुएचा छोटा दगडी पूल आहे, एका कमानीचा, कठडा नसलेला. त्याला रोमन पूल म्हणायची पद्धत आहे, पण तो त्याहून कितीतरी नंतरचा आहे. ला नुआयमध्ये बानिझेत नावाचं जुनं वतनी घर आणि शेतवाडा आहे, तो पाहायला लोक येतात. सगळ्या सात गावांची वस्ती मिळून अखेरच्या काळात दीड हजाराच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम ग्रामपंचायतीएवढी.

पायाने मोजलेला देश

1789 च्या क्रांतीआधी फ्रान्समध्ये प्रांत, धर्मप्रांत, करविभाग, न्यायविभाग अशा एकमेकांवर चढलेल्या हद्दींचं जंगल होतं. एकच गाव करासाठी एका शहराकडे, खटल्यासाठी दुसऱ्याकडे आणि धर्मकार्यासाठी तिसऱ्याकडे बघायचं. क्रांतीनंतरच्या सभेने हे सगळं पुसून नव्याने आखणी केली. डिसेंबर 1789 च्या कायद्याने देशाचे जिल्हे करायचे ठरले, 1790 च्या सुरुवातीला ते 83 झाले. जिल्ह्यांचे पोटविभाग आणि त्या पोटविभागांची कँटनं. कायद्यात कँटनचा आकार सुमारे चार चौरस लीग ठरवला होता.

हा आकडा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. लीग म्हणजे साधारण चार किलोमीटर, म्हणजे तासाभराची चाल. दोन लीग लांब आणि दोन लीग रुंद असा चौकोन डोळ्यांसमोर आणा आणि मधोमध मुख्य गाव ठेवा. अगदी कोपऱ्यातल्या वाडीवरचा माणूसही दीड तासात तिथे पोचतो. सकाळी गाईचं दूध काढून निघायचं, काम उरकायचं, संध्याकाळच्या दुधाला परत. जिल्ह्याच्या ठिकाणाचा हिशेब घोड्याचा होता, एका दिवसात पोचता यावं असा. कँटनचा हिशेब पायांचा. राज्यघटना लिहिणाऱ्या लोकांनी शेतकऱ्याच्या पायाचा विचार केला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रत्यक्षात लगेच तडजोड झाली. इतकी छोटी कँटनं परवडेनात. जानेवारी 1801 च्या कायद्याने देशभरातल्या कँटन-न्यायाधीशांची संख्या 3,000 ते 3,600 च्या दरम्यान बसवायची ठरली आणि अनेक कँटनं एकमेकांत मिसळली. पठारावर तर वस्तीच विरळ, त्यामुळे अंतरं वाढलीच. फो-ला-मोंतान्यहून जाँत्यूला आठ-नऊ किलोमीटर पडतात. दोन तास जायला, दोन यायला, बर्फ नसेल तर. तरीही हिशेब तोच राहिला: एका दिवसात चालत जाऊन परत.

मुख्य गावात काय असायचं

कँटनच्या मुख्य गावाला 'शेफ-लिय्यू' म्हणतात. तिथे सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे 'ज्यूज द पे', शब्दशः शांततेचा न्यायाधीश. 1790 मध्ये हे पद निर्माण झालं. सुरुवातीला त्याला लोक निवडून देत आणि त्याने कायद्याचं शिक्षण घेतलेलं असावं अशी अटही नव्हती. तो भागातला, वजन असलेला, समजूतदार माणूस असला की पुरे. त्याचं पहिलं काम निवाडा करणं नसे, समेट घडवणं असे. वरच्या कोर्टात दिवाणी दावा लावण्याआधी त्याच्यासमोर येऊन समेटाचा प्रयत्न करणं बंधनकारक होतं.

त्याच्यापुढे येणारी भांडणं आपल्याला अगदी ओळखीची वाटतील. बांधाचा दगड रात्रीत सरकला. शेजाऱ्याच्या मेंढ्या राईच्या पिकात घुसल्या. ओढ्याचं पाणी वरच्याने अडवलं. गड्याची मजुरी थकली. याशिवाय घरात कुणी वारलं आणि वारसांत कुरबुर असेल तर दारं-कपाटांना लाखेचं सील ठोकायला तोच यायचा. आणि आई-बाप गेलेल्या पोरांसाठी नातेवाइकांची बैठक भरायची, पालक ठरवायची, तिचा अध्यक्षही तोच. 'कुटुंब-सभा' म्हणत तिला. काका-मामा एका बाकावर, न्यायाधीश टेबलामागे, आणि पोराचं शेत कोण कसणार, त्याला कोण सांभाळणार याचा निर्णय त्या खोलीत. 1958 मध्ये हे पद रद्द झालं आणि असे खटले मोठ्या गावातल्या कोर्टाकडे गेले. कँटनच्या अंगातलं बळ खरं तर तेव्हाच निघून गेलं, असं माझं मत आहे. 2015 ला फक्त नाव पुसलं गेलं.

दुसरा मोठा प्रसंग लष्करभरतीचा. एकोणिसाव्या शतकात सैन्यात कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं, आणि ती सोडत कँटनच्या मुख्य गावी व्हायची. वयात आलेल्या सगळ्या गावांतल्या मुलांची नावं पुकारली जायची, प्रत्येकाने पुढे होऊन भांड्यात हात घालून आकड्याची चिठ्ठी काढायची. आकडा वाईट निघाला तर वर्षानुवर्षं घर सुटायचं. ज्यांच्याकडे पैसा होता ते बराच काळ बदली माणूस विकत घेऊन देऊ शकत. मेंढपाळाच्या पोराला ते कुठलं जमायला? 1905 मध्ये ही सोडत बंद झाली. वैद्यकीय तपासणी मात्र पुढेही, 1960 च्या दशकापर्यंत, कँटनवार होत राहिली. एका वर्षी जन्मलेली सगळ्या गावांतली मुलं एकाच सकाळी उघड्या अंगाने रांगेत उभी राहायची, डॉक्टर बघायचा, शिक्का बसायचा: सेवेस योग्य. बाहेर आल्यावर छातीवर रंगीत फिती लावून दिवसभर गाणं-पिणं. त्या एका दिवसाने सात गावांतल्या तरुणांची आयुष्यभराची तोंडओळख व्हायची.

बाकी गोष्टी पटकन सांगते: जाँदार्म म्हणजे ग्रामीण पोलिसांचं ठाणं, करवसुलीची कचेरी, नोटरी, टपाल, जत्रेचा बाजार, जमलंच तर डॉक्टर आणि औषधाचं दुकान. एका फेरीत माणूस चार कामं करून यायचा.

या भागाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. क्रोझ हा गवंड्यांचा जिल्हा. वसंत ऋतू लागला की पुरुष आणि तेरा-चौदा वर्षांची पोरं पायी निघायची, पॅरिस किंवा लियोंला, बांधकामावर. थंडी पडली की परत. उन्हाळाभर शेती, गुरं, म्हातारी माणसं सगळं बायकांच्या अंगावर. याच जिल्ह्यातला मार्तां नादो 1830 मध्ये चौदाव्या वर्षी असाच बापाबरोबर पॅरिसला गेला, पुढे लोकसभेचा सदस्य झाला, हद्दपारी भोगली, आणि 1870 मध्ये याच जिल्ह्याचा प्रेफे म्हणून परतला. पुढे पुढे गवंडी हिवाळ्यातही परतेनासे झाले. बायका-मुलं घेऊन शहरात राहिले. 1851 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 2,87,000 होती. 2010 च्या सुमारास ती 1,20,000 च्या आसपास आली. जो हिशेब पायांनी मांडला होता, त्यातली माणसंच निघून गेली.

एक कँटन, एक खुर्ची

आता रद्द का झालं, त्याकडे येऊ. 1848 मध्ये सगळ्या पुरुषांना मताधिकार मिळाला तेव्हापासून नियम असा झाला की प्रत्येक कँटनने जिल्हा परिषदेवर एक प्रतिनिधी पाठवायचा. कँटनमध्ये माणसं किती, याच्याशी संबंध नाही. एक कँटन, एक खुर्ची. 1848 ला हे फारसं खटकलं नाही, कारण गावंही भरलेली होती. पण शहरं फुगली, पठारं ओस पडली आणि हद्दी बहुतेक ठिकाणी तशाच राहिल्या.

क्रोझचंच गणित करू. 27 कँटनं, ढोबळमानाने 1,20,000 लोक. म्हणजे सरासरी एका खुर्चीमागे साडेचार हजार माणसं. जाँत्यूच्या खुर्चीमागे दीड हजार. म्हणजे जाँत्यूच्या मताचं वजन सरासरीच्या तिप्पट. मोठ्या शहरांच्या जिल्ह्यांत ही तफावत याहून कितीतरी पट वाढली होती. लोकशाहीत हे चालू देता येत नाही, आणि कायदे घटनेला धरून आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या फ्रान्सच्या घटना परिषदेचीही अनेक वर्षं हीच भूमिका होती की मतदारसंघ मुख्यतः लोकसंख्येवर बेतले पाहिजेत.

दुसरं कारण बायकांचं. एकच खुर्ची असेल तर पक्ष तिथे ओळखीचा, वजनदार पुरुष उभा करतो. हे कुठल्याही देशात सारखंच. 2011 च्या निवडणुकीनंतरही फ्रान्सच्या जिल्हा परिषदांमध्ये स्त्रियांचं प्रमाण 15 टक्क्यांच्याही खाली होतं.

17 मे 2013 च्या कायद्याने दोन्ही प्रश्नांना एकदम हात घातला. यापुढे प्रत्येक कँटनमधून एकटा माणूस निवडून येणार नाही. एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी एकाच मतपत्रिकेवर उभी राहील, आणि निवडून येईल ती जोडीच. सदस्यसंख्या दुप्पट होऊ नये म्हणून कँटनांची संख्या निम्म्यावर आणायची. देशभरात 4,035 होती, ती 2,054 झाली. नवी हद्द आखताना लोकसंख्या जिल्ह्याच्या सरासरीच्या वर किंवा खाली 20 टक्क्यांच्या आत ठेवायची. पर्वत किंवा बेट अशी ठोस अडचण असेल तरच सूट.

क्रोझमध्ये 27 ची 15 झाली. पुन्हा तेच गणित: आता एका कँटनमागे सुमारे आठ हजार माणसं हवीत, आणि 20 टक्के सूट धरली तरी साधारण साडेसहा हजार तरी पाहिजेतच. दीड हजारांचं जाँत्यू यात बसणं शक्यच नव्हतं. ते, शेजारचं ला कुर्तीन आणि फेलताँ असा भाग एकत्र करून फेलताँचं नवं मोठं कँटन तयार झालं. 22 आणि 29 मार्च 2015 ला मतदान झालं आणि त्याबरोबर जुनी हद्द संपली. 'शेफ-लिय्यू' हा शब्दही कँटनापुरता गेला. त्याच्या जागी आला 'मतमोजणी एकत्र करण्याचं केंद्र' अशा अर्थाचा एक कोरडा शब्दप्रयोग. नव्या कँटनचं काम तेवढंच उरलं, हे त्या शब्दानेच कबूल केलं.

यात चूक कुणाची होती असं मी म्हणणार नाही. मताचं वजन सारखं हवं, यावर वाद होऊ शकत नाही. आज फ्रान्सच्या प्रत्येक जिल्हा परिषदेत निम्म्या स्त्रिया आहेत, आणि हे त्या कायद्यामुळे झालं. गाव सोडून गेलेल्या पुरुषांची शेती पिढ्यान्‌पिढ्या ओढणाऱ्या बायकांच्या जिल्ह्यात तर ते फार आधी व्हायला हवं होतं. पण एक गोष्ट जाताना कुणी नीट सांगितली नाही. जुनं कँटन दोन वेगळी मापं एका हद्दीत बसवत होतं: मतदार किती, आणि मुख्य गाव किती लांब. पहिलं माप दुरुस्त झालं. दुसरं टाकून दिलं गेलं. जिल्हा परिषदेकडे निराधारांचं अनुदान, म्हाताऱ्यांची घरपोच मदत, माध्यमिक शाळांच्या इमारती आणि जिल्हा रस्ते ही कामं आहेत. म्हणजे ज्या माणसाला ही परिषद सगळ्यात जास्त लागते, तो बहुधा म्हातारा, एकटा आणि वाडीवर राहणारा असतो. त्याचा प्रतिनिधी आता वीसेक किलोमीटरवरच्या फेलताँच्या हिशेबातला.

कम्यून मात्र हलत नाही

कँटन सहज पुसलं गेलं, कारण त्याला हात-पाय नव्हते. कम्यूनचं तसं नाही. फ्रान्समध्ये आजही जवळपास 35,000 कम्यून आहेत, युरोपात इतकी बारीक वाटणी दुसरीकडे क्वचितच. 1971 मध्ये सरकारने त्या एकमेकांत मिसळायचा मोठा प्रयत्न केला, त्याला थंड प्रतिसाद मिळाला. अलीकडच्या वर्षांत थोड्या कम्यून आपणहून एकत्र आल्या, तेवढंच.

ला व्हिलद्यूत जेमतेम पन्नासच्या घरात माणसं, पण तिथे निवडलेलं मंडळ आहे आणि मंडळाने निवडलेला मेअर आहे. तो जन्म-मृत्यूची नोंद ठेवतो, बांधकामाच्या परवानगीचं बघतो, रस्त्यावरचा बर्फ काढायची सोय करतो. लग्नही तोच लावतो, खांद्यावरून तिरंगी पट्टा घालून, आणि लग्न चालू असेपर्यंत कचेरीचं दार उघडं ठेवावं लागतं, म्हणजे कुणाला हरकत घ्यायची असेल तर आत येता यावं. छोट्या गावांतलं मतदानही अगदी घरगुती असायचं. 2020 पर्यंत हजाराखालच्या कम्यूनमध्ये मतदार छापील यादीतलं नको ते नाव पेनाने खोडून दुसऱ्या उमेदवाराचं नाव लिहू शकत असे. मे 2025 च्या कायद्याने हे थांबवलं. आता तिथेही स्त्री-पुरुष आलटूनपालटून असलेली पूर्ण यादी निवडायची.

कम्यूनची नाळ जमिनीशीही आहे. मिलव्हाशच्या पठारावर अनेक वाड्यांची सामाईक जमीन आहे, आपल्या गायरानासारखी. कम्यूनची नव्हे, त्या एका वाडीची. हक्क तिथे राहणाऱ्यांचा. वाडी सोडली की हक्क संपला. एके काळी वाडीतल्या सगळ्या मेंढ्या या माळावर चरायच्या. माणसं गेली, मेंढ्या गेल्या, आणि अशा कित्येक माळांवर झाडं लावली गेली. आता त्या झाडांची तोड झाली की पैसा कुणाचा, वाडीवर उरलेल्या दोन घरांचा की कम्यूनचा, यावर वाद होतात. 2013 मध्येच यासाठीही वेगळा कायदा झाला, ज्याने कम्यूनचा हात बळकट केला. गायरानाचे तंटे ज्यांनी पाहिलेत त्यांना यातली खोच सांगायला नको.

आणि कम्यूनची आठवण स्वतःची असते. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक कम्यूनने आपल्या मेलेल्या पोरांचं स्मारक उभारलं. बहुतेक ठिकाणी शिपाई, झेंडा, विजयाची देवी. जाँत्यूत 1922 मध्ये उभं राहिलं ते वेगळंच. स्तंभावर गावातल्या मृतांची नावं, आणि समोर एक शाळकरी पोरगा. अंगात शाळेचा झगा, पायात लाकडी खडावा, एका हातात काढलेली टोपी, आणि दुसऱ्या हाताची मूठ नावांखालच्या ओळीकडे रोखलेली: युद्धाला शाप असो. बाप गमावलेलं पोर ते. सरकारी अधिकारी उद्‌घाटनाला आले नाहीत. जवळच्या ला कुर्तीनच्या छावणीतले सैनिक तिथून जाताना त्यांना मान दुसरीकडे वळवायचा हुकूम असे, असं गावात सांगतात. 1990 मध्ये सरकारनेच त्याची ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद केली. दर 11 नोव्हेंबरला युद्धाला विरोध करणारी माणसं दूरदूरहून तिथे जमतात. ला व्हिलद्यूचीही अशीच आठवण आहे: मे 1956 मध्ये अल्जेरियाच्या युद्धावर पुन्हा बोलावलेल्या जवानांची गाडी गावकऱ्यांनी अडवली, आणि त्यापायी गावच्या मेअरवर आणि शाळामास्तरवर लष्करी खटला चालला. पन्नास-शंभर माणसांची कम्यून, पण तिने काय केलं हे तिला माहीत आहे.

सगळंच ओसरतीचं नाही. फो-ला-मोंतान्यमध्ये 1980 च्या दशकापासून बाहेरून तरुण मंडळी येऊन राहिली. त्यांनी लाकूड कापण्याची सहकारी गिरणी उभी केली, पठारापुरतं दूरचित्रवाणी केंद्र चालवलं. शाळेत पोरं आली. गावांनी एकत्र काम करायला नवी संस्था आली, 'कम्यूनांचा समुदाय' नावाची, आणि तिला कँटनला कधीच नव्हते ते अधिकार आहेत: कर, कर्मचारी, कचऱ्याची व्यवस्था. जाँत्यूच्या पठाराचा असा एक समुदाय होता. 1 जानेवारी 2014 ला तोही ओब्यूसाँ-फेलताँच्या समुदायात मिसळून 'क्रोझ ग्राँ स्यूद' झाला. म्हणजे दीड वर्षाच्या आत पठाराच्या दोन्ही हद्दी मोठ्या हद्दींत विरल्या.

पुढे 2018 च्या अखेरीस पिवळी जॅकेटं घालून ग्रामीण फ्रान्स चौकाचौकांत उतरला. तक्रारींत मोठी तक्रार अंतराची होती: टपाल बंद, कर कचेरी बंद, सगळं संगणकावर, आणि त्यासाठी आधी गाडीत तेल हवं. एप्रिल 2019 मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी जाहीर केलं की सरकारी कामांची एकत्रित घरं उघडली जातील, 'फ्रान्स सर्व्हिस' नावाची. पेन्शन, कर, बेकारी भत्ता, ओळखपत्र यांपैकी कुठलंही काम घेऊन आत शिरावं, किमान दोन माणसं समोर बसलेली असावीत. आणि अशी घरं किती हवीत, याचं माप काय ठेवलं? प्रत्येक कँटनमध्ये एक. कुठल्याही माणसाला अर्ध्या तासात पोचता यावं असं.

म्हणजे ते माप परत आलं, फक्त आता ते गाडीचं आहे. पठारावरच्या ज्या म्हाताऱ्या बाईकडे गाडी नाही, तिचे दोन तास आजही तेवढेच आहेत.